जुने नकाशे आणि गिरणगावची जमीन



आपल्या विहाराच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा आम्ही जरा मागेपुढेच झालो. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. वडिलांच्या जागेवर साचेखात्यात बदली कामगार म्हणून गिरणीत शिरलो आणि गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला तेव्हा बाहेर पडलो. शिक्षण म्हणाल तर रात्रशाळेतली दहावी. परंतु गेली काही वर्षे विहाराच्या अभ्यासमंडळातल्या आम्हा सहा-सात जणांना जुने नकाशे पाहण्याचा नाद लागला आहे. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा नाद हौसेने लागलेला नाही. चार पावसाळ्यांपूर्वी आमच्या वस्तीला एका कार्यालयाची नोटीस आली. तुमची वस्ती नैसर्गिक नाल्याच्या जागेवर आहे, तुमच्यामुळे पावसाच्या पाण्याचा मार्ग अडतो, असा तिचा आशय होता. वस्तीत गलका उडाला. "आमचा आजा हितंच ऱ्हायला, हितंच मेला, नाला कुठला आला मधीच?" असे जो तो म्हणू लागला. सभेत मोठी भाषणे झाली. शेवटी मंडळातले एक वयोवृद्ध उपासक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते उठले आणि म्हणाले, "बाबांनो, ओरडून काय व्हायचं नाय. कागदाला कागदानं उत्तर द्या." तेव्हापासून आमचा शोध सुरू झाला. त्या शोधात आमच्या बाजूचा पुरावा सापडला आणि आमच्या विरुद्ध जाणाराही सापडला. दोन्ही गोष्टी आम्ही येथे सांगणार आहोत.

नकाशा कसा वाचावा

आपल्या देशाची मोजणी करणारे भारतीय सर्वेक्षण खाते इ.स. १७६७ मध्ये कंपनी सरकारच्या काळात स्थापन झाले. पुढे १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन याने मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. उंच टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर यंत्र चढवायचे आणि तीन ठिकाणांचा त्रिकोण करून अंतर काढायचे, अशी ती रीत. लॅम्टनचे थोरले यंत्र वजनाला अर्धा टन होते. हा मनुष्य काम करता करता १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचे नाव पुस्तकात आहे. ते अर्ध्या टनाचे यंत्र खांद्यावर वाहणारे, उन्हातान्हात साखळ्या ओढणारे खलाशी कोण होते, त्यांची नावे मात्र कुठे दिसत नाहीत. असो.

या मोजणीवरून जे नकाशे निघाले त्यांना स्थलदर्शक नकाशे म्हणतात. जुने नकाशे एका मैलाला एक इंच या मापाचे. मेट्रिक पद्धत आल्यावर एका किलोमीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे पन्नास हजारात एक, हे माप आले. निळा रंग पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा शेतीचा, लाल वस्तीचा. तपकिरी बारीक रेघा असतात त्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. रेघा दाटीने आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की उतार सौम्य. एवढे समजले की निम्मा नकाशा वाचता येतो. आमच्यातला एक गडी जन्मात शाळेत भूगोलात पास झाला नव्हता, तो तासाभरात डोंगर कुठे नि दरी कुठे हे बोटाने दाखवू लागला.

परंतु यात एक गोम आहे, ती आम्हाला फार उशिरा कळली. पन्नास हजारी नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचे अंतर असते. म्हणजे समुद्रसपाटीपासून एक मीटर उंचीवरचे घर आणि अठरा मीटर उंचीवरचे घर यांच्यामध्ये एकही रेघ येत नाही. मलबार हिलला रेघांची कडी दिसतात. आमचा सखल भाग मात्र कोरा. आणि आमचे सगळे दुःख तर एका-दोन मीटरच्या फरकाचे! दुसरी गंमत अशी की, एकोणीस अंश अक्षांशाची रेघ परळच्या आसपासून जाते आणि तिथेच नकाशाचा एक कागद संपून दुसरा सुरू होतो. दादरकडचा भाग ४७ ए/१६ या कागदावर, भायखळ्याकडचा भाग ४७ बी/१३ वर. आपले गिरणगाव दोन कागदांच्या कडांवर फाटलेले. आम्ही दोन्ही कागदांच्या झेरॉक्स खळीने चिकटवल्या तेव्हा कुठे आपला मुलूख एकत्र दिसला.

समुद्रकिनाऱ्याच्या भागाचे असले नकाशे पूर्वी सहजासहजी मिळत नसत. ते संरक्षणाच्या कारणास्तव निर्बंधाखाली होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी मालिका ठरवून दिली आणि २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंधने बरीच सैल केली. तरी आम्ही एका खिडकीवर गेलो तेव्हा "तुम्हाला नकाशा कशाला पाहिजे?" हा प्रश्न आम्हाला ऐकावा लागलाच. आमचे उत्तर साधे होते. आम्ही कुठे राहतो हे पाहायला.

जमीन बदलते, हे नवे नाही

सर्व संस्कार अनित्य आहेत, ही तथागतांची शिकवण आपण विहारात नेहमी ऐकतो. जमिनीलाही ती लागू आहे. याचे जवळचे उदाहरण म्हणजे सोपारा. आज लोकल गाडीने नालासोपाऱ्याला उतरणाऱ्याला तेथे बंदर होते असे सांगितले तर तो हसेल. परंतु कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या दानशूर माणसांची नावे कोरलेली आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली तेथे मिळाला. परदेशी व्यापार चालणारे हे बंदर होते. नकाशा उघडून पाहा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मधल्या सखल पट्ट्यात सोपारा. खाड्या गाळाने भरत गेल्या, समुद्र दूर राहिला, बंदर संपले. स्तूपाची टेकडी तेवढी राहिली.

सोपाऱ्याला निसर्गाने गाळ भरला. मुंबईत माणसांनी भराव घातला. या दोहोंत मोठा फरक आहे. निसर्ग भाडे घेत नाही.

सात बेटे आणि एक खिंडार

मुंबई पूर्वी सात बेटांची होती, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. १६६१ च्या तहाने पोर्तुगीजांनी ती इंग्रज राजाला दिली आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती कंपनीला दिली. परंतु बेटांच्या मधोमध काय होते, हे पुस्तकात नीट कळत नाही. ते नकाशात कळते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये एक मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरायचे ते भायखळ्यापर्यंत आणि पायधुणीच्या दिशेने पसरायचे. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. ओल्या पायाने पलीकडे जाणारे लोक तेथे पाय धूत. उमरखाडीच्या नावातच खाडी आहे. शीव म्हणजे सीव, हद्द. डोंगरीच्या नावात डोंगर आहे, जो आता शोधावा लागतो. आपली गावनावे हाही एक जुना नकाशाच आहे आणि तो सामान्य माणसाने तयार केलेला आहे.

हे खिंडार गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास दगडी बांध घालून बुजवले गेले. या बांधाबद्दल देवीच्या मूर्तीची दंतकथा सांगतात, ती आम्ही बाजूला ठेवतो. समुद्रात दगड टाकणारे हात माणसांचे होते. बांध झाला आणि आतली खारी, दलदलीची जमीन उघडी पडली. तिला इंग्रज 'फ्लॅट्स' म्हणत. ही जमीन उघडी पडली तरी उंच झाली नाही, ही खरी मेख आहे. समुद्राची भरती बांधाच्या बाहेर थांबली, पण आतली जमीन भरतीच्या पातळीहून खालीच राहिली. पावसाचे पाणी चहूकडच्या उंचवट्यावरून तिच्यात उतरायचे आणि बाहेर जायला वाट नाही. बशीत चहा ओतावा तसे. पुढे ही बशी भरली गेली ती कशाने? शहराच्या केरकचऱ्याने. वर्षानुवर्षे शहराचा कचरा आणून या सखल भागात टाकला गेला, त्यावर माती पसरली आणि जमीन 'तयार' झाली.

पुढची भर आम्ही थोडक्यात सांगतो. १८०३ मध्ये शीवचा रस्ता झाला, १८३८ मध्ये कुलाब्याचा, १८४५ मध्ये माहीमचा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ मध्ये ते फुसकेही ठरले. पण भराव काही थांबला नाही. २०२४ मध्ये सुरू झालेला किनारी रस्ताही वरळीजवळ भरावावरच उभा आहे.

आमचा कागद, आमच्या विरुद्ध

आता मूळ गोष्टीकडे येतो. काळाघोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारात आणि टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयात आमच्या खेपा सुरू झाल्या. आमच्यातले दोघे सिक्युरिटीच्या नोकरीला, एक रिक्षा चालवणारा, एक बाई पाळणाघर चालवणारी. ज्याला जी सुट्टी मिळेल त्या दिवशी तो जायचा. तेथल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला हात धुऊन कागद कसा धरावा इथपासून शिकवले, त्यांचे आम्ही आभारी आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅप्टन डिकिन्सन याने मुंबई बेटाची मोजणी केली होती. त्या मोजणीवरच्या नकाशात आमच्या वस्तीची जागा आम्ही रस्त्यांच्या नि टेकड्यांच्या खुणांवरून हुडकून काढली. बोट ठेवले आणि गप्प झालो. तेथे भाताची खाचरे होती. आणि खाचरांच्या मधून एक ओढ्याची रेघ, नागमोडी, सरळ आमच्या वस्तीच्या जागेवरून खाली गेलेली! नोटीस खोटी नव्हती.

त्या रात्री विहारात बैठक बसली. एकाने स्पष्टच सांगितले, "हा कागद कुणाला दाखवायचा नाय. आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?" दुसरा म्हणाला, "त्यांच्याकडे पण हाच कागद असेल की." बराच वेळ वाद झाला. आम्हालाही क्षणभर वाटले की, झेरॉक्स फाडून टाकावी. तेव्हा पाळणाघरवाल्या ताई म्हणाल्या, "आपण पंचशीलात रोज काय म्हणतो? खोटं बोलणार नाय म्हणतो ना? मग पुढचा कागद बघा. खरं अर्धंच बघितलंय आपण."

पुढचा कागद म्हणजे लॉटन याची मोजणी. १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटनने मुंबई शहराची बारीक मोजणी केली. चाळीस फुटाला एक इंच, एवढ्या मोठ्या मापाचे तिचे कागद. मैलाला इंच मापाच्या नकाशात जेथे नुसता लाल ठिपका येईल, तेथे या कागदात घर, विहीर, तलाव, गल्ली सगळे वेगळे दिसते. त्यात आमच्या बाजूची ओढ्याची रेघ अर्ध्यातच तुटलेली होती. वरच्या अंगाला ओढा आहे, खालच्या अंगाला आहे, मधे रस्ता आणि मोकळी भरावाची जागा. विसाव्या शतकातल्या नकाशात ती रेघ पार नाहीशी झाली आणि तेथे चाळी आल्या.

याचा अर्थ काय? पाणी आमच्या आधी तेथे होते, हे खरे. परंतु पाण्याची वाट आम्ही अडवली नाही, हेही तितकेच खरे. वाट आधी बुजवली गेली. मग त्या जागेचे तुकडे झाले. मग त्यावर चाळी उठल्या आणि मग आमच्या आजोबांना तेथे खोली मिळाली, दरमहा भाडे मोजून. ज्या पुढाऱ्यांनी, कंत्राटदारांनी आणि जमीनमालकांनी भराव घातला त्यांना कोणी नोटीस दिली नाही. नोटीस भाडेकरूच्या नातवाला आली. आम्ही उत्तरात हे सर्व जसेच्या तसे लिहिले, दोन्ही नकाशांच्या प्रती जोडून. प्रकरण अद्याप चालू आहे. निकाल काय लागेल तो लागो, पण "तुम्ही नाला अडवला" हे वाक्य त्यानंतरच्या पत्रात आले नाही.

सखल जागा आणि सखल ठरवलेली माणसे

गिरण्या याच पट्ट्यात का आल्या, हेही नकाशा पाहिल्यावर उमगते. पहिली गिरणी कावसजी दावर यांची, ताडदेवला, १८५६ मध्ये सुरू झाली. कोटाच्या आत जागा महाग. इकडे भायखळा, चिंचपोकळी, परळ भागात जमीन स्वस्त, आगगाडी जवळ, बंदर जवळ. आणि गिरणीला पाणी लागते. वाफेच्या यंत्रासाठी गिरण्यांच्या आवारात मोठी तळी असत. आमच्या गिरणीतही असे तळे होते. तिसरी पाळी सुटली की त्याच्या कठड्यावर बसून आम्ही विडी ओढायचो. जुन्या नकाशात ही तळी निळ्या चौकटीसारखी दिसतात. आज तेथे टॉवर आहे आणि त्याच्या तळघरातून पावसाळाभर पंपाने पाणी उपसत असतात, हे आम्ही रस्त्यावरून जाता-येता पाहतो.

१८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत प. पू. बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. पुढे १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी उभ्या केल्या. आपल्या विहारातल्या निम्म्या कुटुंबांचे मूळ या चाळींत आहे.

याच सुमारास शहरातले तलाव गेले. गोवालिया टँक, धोबी तलाव, सी.पी. टँक, दो टाकी, खारा तलाव, नवाब टँक ही नावे आज बसच्या पाटीवर आहेत, पण पाणी कुठे आहे? १९११ मध्ये डॉ. बेंटले यांचा मलेरियावरील अहवाल आला, डासांच्या भीतीने विहिरी आणि तलाव बुजवण्याला जोर आला. माणसे मलेरियाने मरत होती, तेव्हा हे सगळेच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण पाणी थांबण्याच्या जागा गेल्या आणि ते पाणी खाली, आमच्या बशीत येऊ लागले. शहराची जुनी गटारे ताशी पंचवीस मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, एवढे धरून बांधलेली. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला तर काय व्हायचे, हे हिंदमाताला कमरेइतक्या पाण्यातून चाललेल्या माणसाला विचारा.

आणि एक गोष्ट पाहा. आज पावसाचे पाणी समुद्रात ढकलण्यासाठी महापालिकेने जे मोठे पंप बसवले आहेत, त्यातले हाजी अली आणि लव्हग्रोव्ह येथील पंप कुठे आहेत? जुने खिंडार ज्या महालक्ष्मी-वरळीच्या अंगाला होते, त्याच अंगाला. अडीचशे वर्षांपूर्वी समुद्र जिथून आत यायचा, तिथूनच पाणी बाहेर काढावे लागते. माणूस विसरला तरी पाणी आपली वाट विसरत नाही.

मिठी नदीची आठवण

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसे गेली. त्या दिवसापर्यंत मुंबईत नदी आहे हेच कित्येकांना माहीत नव्हते. आमच्यातलाच एक जण कुर्ल्याला मेहुण्याकडे माळ्यावर रात्रभर अडकला होता. तो सांगतो, "आम्ही तिला गटारच समजत होतो."

जुना नकाशा पाहिला तर तेथे गटार नाही. विहार तलावाकडून निघून पवई, साकी नाका, कुर्ला, कलिना यांच्या कडेने माहीमच्या खाडीला मिळणारी ती नदी आहे आणि खालच्या अंगाला खाजण, खारफुटी आणि भरतीचे पाणी पसरायला भलीमोठी मोकळी जागा. नंतरच्या कागदांवर हीच जागा टप्प्याटप्प्याने कमी होत जाते. विमानतळाची धावपट्टी नदीवर आली, नदीला काटकोनात वळावे लागले. वांद्रे-कुर्ला संकुल खाजणावर उभे राहिले. काठावर झोपड्याही झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पूर ओसरल्यावर बोट कुणाकडे दाखवले गेले? झोपड्यांकडे आधी. दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले की, कुणी किती जागा घेतली हे डोळ्यांनी दिसते. तेथे वशिला चालत नाही.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४२ ते १९४६ या काळात, त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. नदीचा विचार एकेका गावापुरता न करता सबंध खोऱ्याचा करावा, हे ते धोरण होते. मिठीसारख्या लहान नदीलाही हेच तत्त्व लागू आहे. वर धावपट्टी, मधे कारखाने, खाली संकुल आणि दोष मात्र एका काठावरच्या वस्तीचा, असे होऊ शकत नाही.

नकाशा काय सांगत नाही

इतके लिहिल्यावर नकाशा म्हणजे सत्याचा पुतळा आहे असे कोणी समजू नये. नकाशा सरकारने काढला, कर वसुलीसाठी आणि फौजेसाठी. त्यात तलाव दिसतो, पण त्या तलावावर कोणाला पाणी भरता येत होते आणि कोणाला नाही, ते दिसत नाही. ज्यांना १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, त्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. गावाच्या नकाशात लाल ठिपका असतो. त्या ठिपक्यातली कोणती घरे वेशीबाहेर होती, हे मैलाला इंच मापाच्या कागदावर मावत नाही. मोठ्या मापाच्या गावनकाशावर आणि दप्तरात मात्र महारवाडा असे नाव लिहिलेले असे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच झाला. तरी जुना कागद जपून ठेवावा, असे आमचे मत आहे. नाव पुसावे, पुरावा पुसू नये.

गिरण्यांचेही तसेच. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. नकाशावर याची एक रेघही नाही. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा मोठा वाटा शहराला आणि परवडणाऱ्या घरांना मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एका शब्दाने सबंध गिरणगावचा रंग बदलला. हे समजायला नकाशाबरोबर कायदाही वाचावा लागतो.

आमचा नकाशा

म्हणून अभ्यासमंडळाने ठरवले की, आता आपला नकाशा आपणच काढायचा. गेल्या दोन वर्षांत टेप घेऊन, दोरी घेऊन आम्ही वस्तीची गल्ली न् गल्ली मोजली. पंचवीस जुलै नव्हे, सव्वीस जुलैचे पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आले, याच्या खुणा म्हाताऱ्या माणसांना आणि आयाबायांना विचारून टिपल्या. तारखेवरूनसुद्धा वाद व्हायचे, पण पायरी कोणी विसरले नव्हते. बुजवलेली विहीर, गेलेले वडाचे झाड, गिरणीचे फाटक, व्यायामशाळा, पहिल्या विहाराची पत्र्याची शेड, हे सगळे त्यात आहे. मापे थोडी चुकली असतील. पण आमची घरे त्यात ठिपका म्हणून नाहीत, घर म्हणून आहेत. हा नकाशा वर्धापनदिनी विहाराच्या सभागृहात लावला जाईल. सर्वांनी तो पाहावा आणि चूक असेल तेथे पेन्सिलीने खूण करावी.

जाता जाता उपासक-उपासिकांना एक विनंती. आपल्या घरी पेटीत, माळ्यावर जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, चाळीचे फोटो, गिरणीचे पास असतील तर ते रद्दीत घालू नका. त्यांची प्रत विहाराच्या ग्रंथालयात द्या. आणि आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, नकाशा वाचायला शिकवा. तात्यांनी मागच्या महिन्यात आमच्या नकाशावर आपल्या खोलीवर बोट ठेवले. ते बोट तेथेच ठेवून ते बराच वेळ उभे होते. मग एवढेच म्हणाले, "बरं झालं, लिवून ठेवलंत."

नमो बुद्धाय! जय भीम!